मोजणी घरातल्या फळीवरून करा

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

सह्याद्रीच्या पायथ्याशी एका बाजाराच्या गावात माझे रेडिओ दुरुस्तीचे दुकान आहे. हल्ली मिक्सर आणि इस्त्र्याच जास्त येतात, पण अधूनमधून रेडिओही येतो. मागे एक आजोबा पिशवीतून दोन बँडचा जुना संच घेऊन आले. “मुका झालाय, बघा जरा.” मी मागचे झाकण उघडले. सेलच्या स्प्रिंगला गंज होता, तो घासून काढला. गँग, म्हणजे केंद्र लावायचा भाग, फिरत होता, काट्याची दोरी शाबूत होती, स्पीकर नीट खरखरत होता. बिघाड संचात नव्हताच. ते ऐकत होते ती आकाशवाणीची मध्यम लहरच (मीडियम वेव्ह) बंद झाली होती; असे प्रक्षेपक बंद करून आता एफएमवर भर दिला जातो आहे, त्याबद्दलच हे पत्र. हे सांगितल्यावर आजोबा म्हणाले, “मग सेल बदलून बघा की.”

एफएमचा बँड त्या संचात होता. पण त्यांची वाडी डोंगराच्या पलीकडे, आणि तिथे एफएम येत नाही. यात नवल काही नाही. एफएमच्या लहरीची लांबी जेमतेम तीन मीटर. ती सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा आला की मागे सावली पडते. मध्यम लहर शेकडो मीटर लांबीची. ती जमिनीला धरून सरकते, कडेकपारी वळसा घालून ओलांडते. तिच्यासाठी तारसुद्धा ताणावी लागत नाही. संचाच्या पोटात काळ्या फेराइटच्या कांडीवर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, तीच अँटेना. म्हणून तर आवाज बसला की माणसे संच थोडा फिरवून ठेवतात.

मध्यम लहरीची बाजू मी आंधळेपणाने घेत नाही. तिचे मनोरे उंच, प्रक्षेपकांना वीज भरपूर लागते, सुटे भाग मिळत नाहीत, हे मला कळते. शहरात तर स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या खरखरीने तिचे वाटोळे केले आहे. पुण्या-मुंबईत कोणी तिच्यासाठी रडणार नाही. माझे म्हणणे खोऱ्यांपुरते आहे.

आपल्याकडे प्रसारणाचा हिशेब नेहमी मनोऱ्याच्या बाजूने मांडला गेला, ऐकणाऱ्याच्या बाजूने क्वचितच. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन केले. प्रक्षेपक होता दीड किलोवॉटचा. संच महाग, वर परवान्याचे वर्षाला १० रुपये. तीन वर्षांत परवाने आठ हजारांपर्यंतही गेले नाहीत आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. उलट, १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने आसपासच्या जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत श्रोत्यांची मंडळे बसवली. माणसे गावच्या संचाभोवती जमायची, कार्यक्रम ऐकायची, वाद घालायची, प्रश्न लिहून केंद्राला पाठवायची. तो प्रयोग परदेशातही अभ्यासला गेला. कारण संचाच्या अलीकडे कोण बसले आहे, हे तिथे आधी पाहिले होते. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि चार सेलवर चालणारा रेडिओ गोठ्यात पोचला. त्याने जे केले ते कुठल्याही प्रक्षेपकाला जमले नव्हते.

आणि तरीही डीआरएमच्या (डिजिटल रेडिओ मॉन्डियाल, यासाठी वेगळाच संच लागतो) वेळी मनोऱ्याकडूनच हिशेब मांडण्याची चूक झाली. गेल्या काही वर्षांत मध्यम लहरीच्या तीसहून अधिक प्रक्षेपकांना ही डिजिटल सोय बसली. आवाज खरोखर स्वच्छ आहे. माझ्या दुकानात मात्र आजवर एकही डीआरएम संच दुरुस्तीला आलेला नाही, आणि ते बिघडत नाहीत म्हणून नव्हे.

रेडिओ आता मोबाइलवर ऐकतात, असे मला सांगितले जाते. ऐकतात, टॉवर चालू असेतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाइलही मुके झाले. अशा वेळी घरात जे चालते ते सेलवरचे.

तेव्हा मागणी एवढीच. डोंगराळ भागातला मध्यम लहरीचा प्रक्षेपक बंद करण्याआधी, त्याच्या टप्प्यातल्या खोऱ्यांत एफएम खरोखर पोचते का ते मोजावे आणि गावागावांचा निकाल जाहीर करावा. पोचत नसेल तिथे आधी शंभर वॉटचा छोटा एफएम रिले प्रक्षेपक बसवावा, तो चालू झाल्यावर मग जुने बटण दाबावे. लोकसंख्येचे टक्के सांगू नयेत. टक्क्यांत वाड्या दिसत नाहीत.

मोजणी करणाऱ्यांना एक विनंती. गाडीच्या टपावरच्या अँटेनाने मोजू नका, तिला सगळेच येते. पावसाळ्यात या, बाजारातला दोन बँडचा साधा संच सोबत आणा आणि तो पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या फळीवर ठेवून पाहा. संच नसला तर माझ्याकडे आहे. आजोबांनी तो अजून नेलेला नाही.

आपला विश्वासू,
एक रेडिओ मेकॅनिक