व्हीलचेअर विमानाच्या पायऱ्यांपाशी थांबते

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या ८१ वर्षांच्या आईला घेऊन मी एका लहान विमानतळावरून विमानाने गेले. घरात वयस्कर माणूस असलेल्या प्रत्येक वाचकाला उपयोगी पडेल असा एक अनुभव त्या प्रवासात आला, म्हणून हे पत्र.

लहान विमानतळ म्हणून मी निर्धास्त होते. एकच दालन, सामान घ्यायला दोन काउंटर, सुरक्षा तपासणीची एकच रांग, पलीकडे खुर्च्या आणि काचेची दोन दारे. दारातून विमान दिसत होते. आई तर म्हणाली, "अगं, समोर तर उभं आहे. एवढ्यासाठी खुर्ची कशाला?" तरी मी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवली होती. काउंटरवरच्या मुलीने अगदी आपुलकीने विचारले, "आजी, चालता येतं ना?" आईने मान ताठ करून सांगितले, "येतं की." मुलीने संगणकावर काहीतरी टिपले आणि बोर्डिंग पास दिले. पुढचा सगळा घोळ त्या प्रश्नोत्तरातून झाला.

मोठ्या विमानतळावर अंतर फार असते, पण शेवटी एरोब्रिजमधून, म्हणजे इमारतीला विमानाशी जोडणाऱ्या बंदिस्त पुलातून, सपाट चालत थेट विमानाच्या दारात जाता येते. लहान विमानतळावर याच्या बरोबर उलटे. अंतर शंभर पावलांचे, पण बहुतेक ठिकाणी एरोब्रिज नसतो. मोकळ्या जागेवरून चालत जायचे आणि शिडी चढायची. नेहमीच्या जेट विमानाचे दार जमिनीपासून साधारण दहा फुटांवर असते. आमच्या शिडीला अठरा पायऱ्या होत्या. आईची खुर्ची पहिल्या पायरीपाशी आली आणि मदतनीस म्हणाला, "चला आजी, उठा." आईने कठड्याला धरून दोन पायऱ्या चढल्या, तिसऱ्या पायरीवर गुडघा वळेना. मागे सगळे प्रवासी उन्हात थांबलेले. शेवटी एका अरुंद खुर्चीत पट्ट्यांनी बांधून दोघांनी तिला उचलून वर नेले. कुणी वेडेवाकडे बोलले नाही, एका तरुणाने तर पुढे होऊन खुर्चीला आधार दिला. पण आईने डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि विमान उतरेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

जागेवर बसल्यावर खिडकीतून मला दिसले की इमारतीच्या कडेला ॲम्ब्युलिफ्ट उभी आहे. ॲम्ब्युलिफ्ट म्हणजे एक ट्रक, ज्याची मागची खोली प्रवाशाला खुर्चीसकट उचलून विमानाच्या दाराला नेऊन भिडवते. साधन होते, चालकही असणार. फक्त त्याला कुणी बोलावले नव्हते, कारण आमच्या नोंदीत त्याची गरजच दिसत नव्हती.

त्या नोंदीविषयी मी नंतर विचारून घेतले. व्हीलचेअरच्या मागणीचे तीन प्रकार जगभरच्या विमान कंपन्या वापरतात. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे फक्त विमानापर्यंतच्या अंतरासाठी खुर्ची हवी, पायऱ्या स्वतः चढता येतात. 'डब्ल्यूसीएचएस' म्हणजे विमानात चार पावले चालता येते, पण पायऱ्या चढता-उतरता येत नाहीत. 'डब्ल्यूसीएचसी' म्हणजे आसनापर्यंत नेऊन बसवावे लागते. शेवटचे अक्षर अनुक्रमे रॅम्प, स्टेप्स आणि केबिन सीटचे. यातला रॅम्प म्हणजे उतार नव्हे, तर विमाने उभी राहतात ती मोकळी जागा. आपण नुसते "व्हीलचेअर हवी" म्हटले आणि "चालता येतं" असे उत्तर दिले, की नोंद सहज पहिल्या प्रकारात पडते. आईची तशीच पडली. तिला हवा होता दुसरा प्रकार. शिवाय हीच माहिती पुढच्या विमानतळालाही कळवली जाते, त्यामुळे चुकीची नोंद उतरतानाही पाठ सोडत नाही.

परतीच्या वेळी मी ४८ तास आधी फोन करून 'एस' अशी नोंद करून घेतली आणि काउंटरवर पुन्हा वाचून दाखवायला लावली. त्याच लहान विमानतळावर उतरलो तेव्हा ॲम्ब्युलिफ्ट आधीच येऊन उभी होती. खाण्यापिण्याचे सामान चढवतात त्या उजव्या बाजूच्या दारातून आई बाहेर पडली. सगळे उतरल्यावर आमची पाळी आली, दहा-बारा मिनिटे थांबावे लागले, पण ती आपल्या खुर्चीत ताठ बसून खाली आली. तेच विमानतळ, तीच माणसे, तेच साधन. मध्ये बदलले ते एक अक्षर.

म्हणून काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना विनंती आहे की "चालता येतं का" याऐवजी "पायऱ्या चढता येतात का, आणि किती" असे विचारा. किती हे महत्त्वाचे आहे. एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानात प्रवाशांचे दार मागच्या बाजूला असते आणि ते दारच खाली उघडून त्याच्या मोजक्या पायऱ्या होतात. तेवढ्या आई कठडा धरून चढू शकेल, अठरा नाही. तिकिटाच्या संकेतस्थळांवरही ही अक्षरे न दाखवता साध्या वाक्यात पर्याय द्यावेत. जिथे ॲम्ब्युलिफ्ट नाही, तिथे विमानाला लावायची उताराची मार्गिका तरी असावी. उचलून नेणे हा व्यवस्थेचा भाग म्हणून मान्य करू नये. त्यात उचलणाऱ्यांच्या पाठीलाही धोका असतोच.

आणखी एक सांगते, रांग टाळण्यासाठी व्हीलचेअर मागणाऱ्यांना. लहान विमानतळावर खुर्च्या आणि मदतनीस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. तुम्ही बसलात तर कुणीतरी उभे राहते.

परवा शेजारच्या काकूंनी आईला विचारले, आता पुन्हा विमानाने जाल का? मला वाटले होते ती नाहीच म्हणेल. ती म्हणाली, "जाईन. पण आता कुणी विचारलं तर सांगेन, चालता येतं, चढता येत नाही."

आपली,
एक वाचक