ताई, तुम्ही घाई केली नाहीत

ताई,

हे पत्र दत्तक संस्थेतल्या तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण उघड लिहितेय, कारण पोटुशी होते तेव्हा असंच एखादं पत्र मी रात्र-रात्र शोधत होते. सापडायचे ते दत्तक घेणाऱ्यांचे आनंद. देणारीचा विषय एका क्रियापदात आटपलेला असायचा: टाकलं.

पहिल्या भेटीत मीही तसलंच काहीतरी बोलले होते. "मला बाळ सोडून द्यायचंय." तुम्ही लिहायचं थांबवलंत. म्हणालात, "दत्त म्हणजे दिलेलं. या शब्दात मुळात देणंच आहे, सोडणं कुठून आलं?" आणि मी रडायच्या आत पुढचं वाक्य, "शिवाय अजून तुम्ही काहीच दिलेलं नाही. बाळ पोटात आहे तोवर तुम्ही फक्त विचार करताय."

सहावा महिना होता. घरच्यांना होकार हवा होता, बाळाच्या बापाला तर आदल्या दिवशीच हवा होता. तुम्ही एकट्याच अशा, की आधी बाळ ठेवायचं ठरलं तर काय, याचा कागद मांडून बसलात. राहणार कुठे, कामावर कधी जाणार, तेव्हा बाळाला कोण बघणार, हातात किती पैसे उरतील. दत्तकाचा कागद त्याच्या खाली. खरं सांगते, तेव्हा तुमचा राग आला होता. वाटलं, या बाईला माझं मन वळवायचंय. दोन्ही रकाने भरून झाले तेव्हा निर्णय तोच राहिला, पण तो आता माझा होता.

पुढे कधीतरी वाचनात आलं, की देशाबाहेरच्या दत्तकासाठी १९९३ साली हेगला जो करार झाला, त्यात आईची संमती बाळ जन्मल्यावरच घ्यायची असं लिहिलंय. तीही लेखी, परिणाम समजावून सांगून, आणि तिच्यासाठी पैसे किंवा मोबदला न देता. माझं बाळ काही परदेशी जाणार नव्हतं. तरी तुम्ही बाळंतपणाआधी एकाही कागदावर माझी सही घेतली नाहीत. सही झाल्यावर विचार बदलायला किती दिवस मिळतात, हे ठिकठिकाणी वेगळं असतं म्हणे, काही ठिकाणी मिळतच नाहीत. माझ्या मुदतीची शेवटची तारीख तुम्ही कॅलेंडरवर गोल करून दिलीत, आणि त्या दिवसापर्यंत एकदाही "मग, नक्की ना?" असं विचारलं नाहीत.

तुम्ही विचारलंत ते भलतंच. बाळाला बघायचंय का? जवळ घ्यायचंय का? मी 'नाही' लिहिलं. तुम्ही ते पेन्सिलीने लिहायला लावलंत! प्रसूतीनंतर रडणं ऐकू आलं आणि मी म्हटलं, द्या. तासभर होती माझ्याकडे. कानाच्या पाळीवर बारीक लव होती, पिकलेल्या कणसाच्या केसांसारखी. तिथली एक बाई कुजबुजली, "हिला जमतं तरी कसं?" तुम्ही तिला काही बोलला नाहीत, नुसता पडदा ओढलात.

पण सगळ्यात मोठे आभार दुधाचे. ते मला कोणीच सांगितलं नव्हतं. बाळ जवळ नसलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पान्हा येतो. वार पडली की शरीर आपलं काम सुरू करतं, सह्या वाचत बसत नाही. पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी बाळ रडलं आणि माझा कुर्ता भिजला. छाती दगड झालेली. तुमचा फोन बरोबर त्याच संध्याकाळी आला. थंड फडकी ठेवा, करकचून बांधू नका, अगदीच ठणकलं तर ताण उतरेल इतकंच काढा, रिकामं केलंत तर आणखी भरेल. आठ-दहा दिवसांत ओसरलं. तेवढे दिवस तुम्ही रोज फोन केलात आणि निम्म्या वेळा आपण दोघी काहीच बोललो नाही.

आणि तो लांबलचक फॉर्म. आजोबांची साखर, मावशीचा दमा, कोण डावखुरं, कोणाला चष्मा कधी लागला. मी कंटाळले तेव्हा म्हणालात, "ती तीस वर्षांची होऊन डॉक्टरसमोर बसेल, तेव्हा 'घरात कोणाला आहे का?' या प्रश्नाला तिच्याकडे एवढंच उत्तर असेल." शेवटी 'इतर' नावाचा रकाना रिकामा होता. तुम्ही म्हणालात, काहीही लिहा. मी लिहिलं, मला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवता येते.

सहा वर्षं झाली. तिच्या वाढदिवसाच्या आसपास आठवडाभर माझं कशात लक्ष नसतं; तुम्ही सांगितलंच होतंत, असं होईल. गेल्या महिन्यात आईला काचबिंदू निघाला. फाइलमध्ये नोंद व्हावी म्हणून रिपोर्टची प्रत पाठवली आहे, नवा फोन नंबरही सोबत आहे. फाइल उघडाल तेव्हा शेवटचं पानही बघा. शिट्टीची ओळ कोणी फालतू म्हणून खोडली नाही ना?

तुमची,
पेन्सिलवाली