अंकपल्लवीचं कोडं छापा ना

संपादक महोदय,

घोडबंदर रोडच्या नाकाबंदीत मी दारू पिऊन गाडी चालवताना सापडलो, चूक पूर्ण माझीच. मोटार वाहन कायद्याचं कलम 185, पहिल्यांदा 6 महिन्यांपर्यंत कैद नाहीतर 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. कोर्टाच्या तारखेच्या टेन्शनने रात्री झोप लागेना म्हणून जुन्या सांकेतिक लिप्यांचं वाचायला लागलो. रोमच्या ज्युलियस सीझरची प्रत्येक अक्षर 3 जागा सरकवायची ट्रिक बऱ्याच जणांना ठाऊक असते पण आपली अंकपल्लवी, म्हणजे आकड्यांत लिहायची सांकेतिक लिपी? आधी अक्षराच्या वर्गाचा (क-वर्ग, च-वर्ग वगैरे) आकडा, मग त्यातल्या अक्षराचा, मग मात्रेचा, एवढ्यावर अख्खं पत्र लिहिता येतं, किती भारी डोकं लावलंय! आजीला येत होती म्हणे, मी कधी विचारलंच नाही, फार चुटपुट लागते. रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एक छोटं कोडं द्या ना प्लीज, मी स्वतः बनवून पाठवायला तयार आहे.

एक वाचक, ठाणे पश्चिम