पेशीविभाजन अडते कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२७ वर्षे बारावीला जीवशास्त्र शिकवते आहे. परवा प्रात्यक्षिकात कांद्याच्या मुळाचे टोक अ‍ॅसिटोकार्माइनमध्ये रंगवून, अंगठ्याने दाबून काचपट्टी केली. लालसर गुणसूत्रे दोन टोकांना ओढली जाता जाता थिजलेली दिसली. एका मुलीने विचारले, "मॅडम, हे मध्येच अडलं तर?"

मी पुस्तकी उत्तर दिले. सांगायला हवे होते ते सीडीसी५एल या आपल्या पेशींतल्या प्रथिनाबद्दल. त्याचा भाऊबंद यीस्टमध्ये सापडला, तो विभाजनाआधीच अडकून पडणाऱ्या पेशींमुळे. पुढे कळले, त्याचे खरे काम आरएनएच्या, म्हणजे जनुकाच्या नकलेच्या, काटछाटीत आहे: मधले नको असलेले तुकडे (इंट्रॉन) कापायचे, उरलेले तुकडे जोडायचे. बेकरीच्या यीस्टमध्ये हा भाऊबंद बिघडला की ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या आरएनएतला इंट्रॉन नीट निघत नाही. गुणसूत्रे ओढणारे धागे ट्यूब्युलिनचेच, त्यामुळे सगळेच ठप्प! संशोधकांनी तो इंट्रॉन जनुकातूनच काढून टाकला आणि अडलेल्या पेशी पुढे सरकल्या. किती देखणा प्रयोग!

आपल्या विज्ञान पुरवणीत हे चित्रासह, सोप्या मराठीत छापाल का? प्रयोगशाळेच्या फळ्याशेजारी कात्रण लावण्यापुरती जागा आहे.

आपली,
एक शिक्षिका, सांगली