गीतकाराचा रकाना रिकामा

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

ऐरोलीच्या एका तरुणाने एकट्याने तयार केलेल्या इलेक्ट्रॉनिक रॉक अल्बमची आपल्या रविवार पुरवणीतील नव्या ध्वनिमुद्रणांच्या सदरात पंधरवड्यापूर्वी दखल घेतली गेली, याबद्दल आधी आभार मानतो. अल्बममध्ये 9 रचना आहेत, तो सुमारे 42 मिनिटांचा आहे आणि त्यातील 8 रचनांत शब्द नाहीत. परीक्षणकर्त्यांनी चार ओळींतच निकाल दिला. गीत नाही, गायक नाही, वादक नाहीत, सारे यंत्राने वाजवलेले. मग परीक्षण करायचे तरी कशाचे, असा त्यांचा सवाल होता. तो थट्टेने विचारलेला असला तरी मला रास्त वाटतो आणि त्याला उत्तरही आहे, म्हणून हे पत्र. तो तरुण माझ्या परिचयाचा आहे आणि यातील काही रचना मी त्या अर्ध्याकच्च्या असताना ऐकलेल्या आहेत, हे सांगून ठेवतो. वाचकांनी माझ्या मतातून तेवढी वजावट करावी.

प्रथम यंत्राविषयी. या अल्बममधली गिटार खरी आहे, हातानेच वाजवलेली आहे. फक्त तिचा अ‍ॅम्प्लिफायर लाकडी खोक्यात नसून लॅपटॉपमध्ये आहे, कारण दोन खोल्यांच्या घरात रात्री अकरा वाजता खरा अ‍ॅम्प्लिफायर लावला तर शेजारी दार ठोठावतात. रॉकमधल्या गिटारचा तो फाटका आवाज अनेकांना गोंगाट वाटतो. ध्वनीच्या लहरींचे माथे मुद्दाम कापले की मूळ स्वरासोबत त्याचे वरचे उपस्वर ठळकपणे ऐकू येऊ लागतात, एवढेच त्यामागचे तंत्र आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आपण जवारी काढतो तेव्हा उपस्वर फुलावेत हाच हेतू असतो. दोन्हींची जातकुळी वेगळी आहे हे मी जाणतो, परंतु ज्याने जवारी लावताना अर्धा तास घालवला आहे त्याने तरी या आवाजाला नुसते नाक मुरडू नये.

अल्बममधली दुसरी रचना मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्या तळाशी रबाळे औद्योगिक वसाहतीतल्या एका रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) गुणगुण ध्वनिमुद्रित करून ठेवलेली आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असल्यामुळे रोहित्राचा गाभा त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 आवर्तनांनी थरथरतो, आणि तो स्वर पेटीवरच्या पांढरी पाच या स्वराच्या किंचित वर पडतो. पेटीवर तो सापडत नाही. गुणगुण ओढूनताणून पेटीच्या पट्टीत बसवणे संगणकावर सहज शक्य होते, पण या मुलाने ती तशीच राहू दिली आणि आपली गिटारच थोडी चढी लावून घेतली. तंबोरा लागल्यावर गायक त्याच्याशी आवाज मिळवतो, तसा इथे वादकाने विजेच्या खांबाशी स्वर मिळवला आहे. वादक नाहीत म्हणणाऱ्यांनी ही रचना हेडफोन लावून पुन्हा एकदा ऐकावी.

तालाबाबतही असेच आहे. 1980 साली आलेल्या रोलँडच्या टीआर-808 या तालयंत्रावर एका ओळीत 16 बटणे असतात, आणि आजही लॅपटॉपवरच्या बहुतेक तालपट्ट्या त्याच धर्तीवर 16 घरांच्या असतात. चार-चारचे चार भाग पाहून कोणाही मराठी माणसाला त्रितालाची आठवण होईल; मात्र ही 16 घरे म्हणजे 16 मात्रा नव्हेत, त्या चारच मात्रा असून प्रत्येकीचे चार तुकडे केलेले असतात. शिवाय यंत्राला खाली, म्हणजे तालातले वजन मुद्दाम काढून घेण्याची जागा, ठाऊक नसते. त्रितालात नवव्या मात्रेपासून डग्गा मिटतो म्हणून समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, वजन येते; यंत्र सांगेपर्यंत ठोकतच राहते. खाली कुठे सोडायची हे माणसालाच ठरवावे लागते. पाचव्या रचनेत पायाचा ठोका, म्हणजे मोठ्या ड्रमचा खालचा ठोका, तालाची तब्बल आठ आवर्तने काढून घेतलेला आहे आणि तो परत येतो तेव्हा ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. ही दाद यंत्राला द्यायची की ती आठ आवर्तने धीर धरणाऱ्याला?

आता शब्दांकडे वळतो. 1980च्या दशकात मी गडकरी रंगायतनमध्ये आणि पुढे ठाणे-कल्याण परिसरातील अनेक मंडपांत ऑर्केस्ट्रामध्ये कीबोर्ड वाजवला आहे. गायिका चहा घ्यायला आत गेली, किंवा ध्वनिव्यवस्थेत काही बिघडले, की निवेदक ‘आता एक इन्स्ट्रुमेंटल’ असे सांगे आणि आम्ही एखाद्या लोकप्रिय गाण्याची धून सुरू करत असू. श्रोते ती मनात शब्द घालूनच ऐकत, त्यामुळे ती शब्दविरहित होती असेही म्हणता येणार नाही. शास्त्रीय वादकाची मोठ्यात मोठी स्तुती आपण ‘सतार गाते आहे’ अशीच करतो. आपल्या कानांना गाण्याची एवढी सवय आहे की शब्द नसले म्हणजे काहीतरी राहून गेले असे वाटते. याला एकच ठळक अपवाद मला दिसतो, तो एकल तबलावादनाचा. तिथे लेहरा, म्हणजे साथीला वाजणारी एका आवर्तनाची धून, तासभर तोच फिरत असतो आणि त्याच्यावर पेशकार, कायदे, रेले असे तबल्याचे रचनाप्रकार उलगडत जातात. लेहरा कंटाळवाणा आहे अशी तक्रार कोणी करत नाही. इलेक्ट्रॉनिक संगीतातील फिरत राहणारी चार आवर्तनांची पट्टी हा असाच लेहरा समजून ऐकली, तर तिच्यावर काय वाढते आहे याकडे लक्ष जाते.

हे सारे परक्या मुलखातून आलेले आहे, असेही परीक्षणात सूचित केले होते. मुंबईतील चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेल्या चरणजितसिंग यांनी 1982 साली ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. त्यांनी 808 हे तालयंत्र, टीबी-303 हे खर्जाचे यंत्र आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर अशी तीन यंत्रे घेऊन भैरव, ललित, मधुवंती, मालकंस असे 10 राग त्या ठोक्यावर वाजवले; 303 मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, ती ऐकताना आपल्या गायनवादनातल्या मिंडेची आठवण होते. त्या वेळी तिला फारसे कोणी विचारले नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा शिकागोत 1982 नंतर पाचेक वर्षांनी जन्मलेल्या अ‍ॅसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताशी तिचे साम्य पाहून जगभर चर्चा झाली. 2015 साली चरणजितसिंग मुंबईतच वारले. हेच काम 1982 साली आपल्या मराठी वृत्तपत्रांच्या टेबलावर आले असते, तर गीतकार कोण, असेच आपण त्यांनाही विचारले असते, अशी मला शंका आहे.

एकट्याने सगळे करण्याची रीतही जुनी आहे. फ्रान्सच्या जाँ-मिशेल जार यांनी 1976 सालचा ‘ऑक्सिजेन’ हा अल्बम पॅरिसमधील घराच्या स्वयंपाकघरात मांडलेल्या तात्पुरत्या स्टुडिओत केला आणि त्यातील सहा भागांना नावांऐवजी नुसते क्रमांक दिले.

आमच्या ऐरोलीकराच्या कामात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. सातवी रचना, म्हणजे नेमकी शब्द असलेली एकुलती एक रचना, सर्वांत दुबळी आहे. ‘गाणे नसेल तर ऐकणार कोण’ या मित्रांच्या सल्ल्यावरून ती घातली गेली, आणि तिच्यातले चार ओळींचे शब्द चिकटवल्यासारखे वाटतात. आठवी तीन मिनिटांनी लांबली आहे. सर्वांत मोठी तक्रार अखेरच्या हाताविषयी, ज्याला मास्टरिंग म्हणतात त्याविषयी आहे. प्रत्येक रचना शक्य तितक्या मोठ्या आवाजाला नेऊन ठेवल्यामुळे हळू आणि मोठा यांतला फरक पुसला गेला आहे, आणि ज्या पाचव्या रचनेची मी वर स्तुती केली तिच्यातल्या समेचा जोरही त्यामुळे काहीसा मारला गेला आहे. अशा त्रुटी त्याला वृत्तपत्रातून कळल्या असत्या तर त्याचा फायदा झाला असता. तुमच्या चार ओळींतून त्याला एवढेच कळले की शब्द नाहीत, आणि ते त्याला आधीच माहीत होते.

कायद्याला याबाबत काही अडचण नाही. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात 1994च्या दुरुस्तीने दिलेल्या व्याख्येनुसार संगीतकृती म्हणजे केवळ संगीत. त्यासोबत गायचे किंवा बोलायचे शब्द तिच्यात धरलेले नाहीत. संगीत रचणारा तो संगीतकार, मग त्याने स्वरलेखन केलेले असो वा नसो. तरीही गेल्या वर्षी एका स्थानिक महोत्सवाच्या अर्जात गीतकाराचे नाव भरणे सक्तीचे असल्यामुळे या मुलाला अर्ज करता आला नाही. दोनदा फोन केल्यावर ‘कोणाचेही टाका’ असे उत्तर मिळाले. ते त्याला पटले नाही.

आपल्या सदराच्या माथ्यावर गायक, गीतकार आणि संगीतकार असे तीन रकाने छापले जातात. पहिले दोन रिकामे ठेवून तिसऱ्यापुढे एकाच माणसाचे नाव छापायला हरकत नसावी, आणि त्याखाली त्या माणसाने काय रचले आहे यावर निदान दहा ओळी याव्यात, एवढी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त कीबोर्डवादक,
नौपाडा, ठाणे