खिडकीच नाही, तर तिकीट काढायचे कुठून?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विनातिकीट प्रवाशांकडून रेल्वेने इतक्या कोटींचा दंड वसूल केला, अशी बातमी आपल्या अंकात अधूनमधून येते. फुकट्यांना दंड व्हायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या कोटींमधल्या काही पावत्या अशा माणसांच्या असतात, ज्यांना तिकीट हवे होते आणि जिथून ते गाडीत चढले तिथे ते विकायला कोणीच नव्हते. त्यांच्याबद्दल हे पत्र आहे.

नागपूर आणि इतवारीहून वर्धा, काटोल-नरखेड, भंडारा-गोंदिया, रामटेक, छिंदवाडा अशा चहूबाजूंना पॅसेंजर आणि मेमू (विजेवर चालणाऱ्या, लोकलसारख्या) गाड्या सुटतात. मोठ्या स्टेशनांच्या अधेमधे हॉल्ट लागतात. शहरातल्या वाचकांपैकी अनेकांनी हॉल्ट गाडीच्या खिडकीतूनच पाहिला असेल. नावाची पिवळी पाटी, एखादे शेड, एखादा बाक. फलाट बहुधा रुळांच्या पातळीलाच, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला हात धरून वर ओढावे लागते. अशा ठिकाणी स्टेशनमास्तर नसतो. तिकिटे विकतो तो कमिशनवर नेमलेला गावातलाच एखादा एजंट. त्याने जवळच्या मोठ्या स्टेशनातून तिकिटे आणायची, गाडीच्या वेळेला येऊन बसायचे आणि दहा-वीस रुपयांच्या विक्रीवर मिळेल ते कमिशन घ्यायचे. दिवसाकाठी मोजक्याच गाड्या थांबत असतील तर त्यात चहापाण्याचा खर्चही निघत नाही. २०२० च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या, नंतर पॅसेंजरला एक्स्प्रेसचे भाडे लागले, दहाचे तिकीट तीसला झाले. पूर्वीचे भाडे परत यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. एवढ्या काळात कोण एजंट टिकून राहील? त्याने काम सोडले की खिडकीला कुलूप लागते. गाडी मात्र तिथे पूर्वीसारखीच थांबते.

अशाच एका हॉल्टवरून चढलेल्या बाई मध्यंतरी माझ्यासमोर बसल्या होत्या. मेडिकलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात दाखवायला निघाल्या होत्या, मांडीवर कागदांची पिशवी. तपासनीस आले.
‘मावशी, टिकीट?’
‘कोठून काढू बाप्पा, आमच्या टेसनावर खिडकीच नाही ना!’
‘ते मला नका सांगू. पावती फाडावी लागेल.’

तपासनीस उद्धट नव्हते. पुढचा संवाद मात्र सारखा तिथेच फिरत राहिला, कारण त्या बाई कोणत्या स्टेशनावरून चढल्या याचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता आणि मागायचा कोणाकडे हेही ठाऊक नव्हते. दहा रुपयांच्या प्रवासासाठी भाडे आणि वर २५० रुपये. डब्यातल्या अप-डाऊन करणाऱ्यांनी मध्यस्थी केली, पण त्यांची स्वतःची अडचण नव्हती. त्यांच्याकडे महिन्याचे पास असतात. अडकतो तो कधीमधी प्रवास करणारा. दवाखान्यात, लेकीकडे, नाहीतर तहसीलच्या कामाला निघालेला.

आता गंमत अशी, की कायद्यात याची सोय आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम ५५ सांगते, की गाडीत चढायला तिकीट किंवा पास हवा, किंवा तसा अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी हवी. परवानगी दिली तर त्या कर्मचाऱ्याने साधारणपणे तसे प्रमाणपत्रही द्यायचे असते, की भाडे नंतर भरण्याच्या अटीवर या व्यक्तीला प्रवास करू दिला आहे. पुढे कलम १३८ मध्ये दंडाचा हिशेब येतो. भाड्याइतकी रक्कम किंवा २५० रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते. त्याच कलमात म्हटले आहे, की कलम ५५ चे प्रमाणपत्र जवळ असेल तर हा जादा आकार लागणार नाही. म्हणजे हॉल्टवरून चढणाऱ्याने गार्डला सांगायचे, कागद घ्यायचा आणि नुसते भाडे भरायचे.

गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आपल्या तोंडी गार्डच आहे) असतो शेवटच्या डब्यात. गाडी थांबते मिनिटभर. बाई उभ्या असतात तिथून पुढच्या दारात चढतात, नाहीतर गाडी निघून जाते. त्या मिनिटात शेवटच्या डब्यापर्यंत पळायचे, गार्डला गाठायचे, त्याने कागद लिहायचा आणि परत येऊन चढायचे, हे धावपटूलाही जमणार नाही. शिवाय असा काही कागद असतो हे गावात कोणाला माहीत आहे? मी ज्यांना विचारले त्यांपैकी कोणीही तो पाहिलेला नव्हता. आणि कागद नसला की उलट फास बसतो. कुठून चढलात याची शंका आली, तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचे भाडे लावण्याची तरतूद त्याच कलम १३८ मध्ये आहे.

‘मोबाईलवर काढा’ हे उत्तर मला अनेकांनी दिले. खरे आहे, पूर्वी रेल्वेच्या यूटीएस ॲपवर आणि आता रेलवन ॲपवर अनारक्षित तिकीट निघते, आणि दूरवरून काढण्यावर असलेली अंतराची मर्यादाही २०२४ मध्ये उठली. ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि यूपीआय आहे त्याने घरून निघतानाच तिकीट काढावे, त्याला सबब नाही. पण रुळांशी पोहोचल्यावर किंवा गाडीत बसल्यावर पेपरलेस, म्हणजे नुसते मोबाईलवर दाखवायचे तिकीट निघत नाही, ते मुद्दामच तसे ठेवले आहे. स्टेशनवरचा क्यूआर कोड स्कॅन करून तिकीट निघते, पण ज्या हॉल्टची खिडकीच बंद पडली तिथे क्यूआरचा कागद कोण चिकटवणार? आणि मेडिकलला निघालेल्या त्या बाईंच्या पिशवीत साधा बटणांचा फोन होता.

एसटीत हा प्रश्नच येत नाही. फाट्यावर हात दाखवा, चढा, कंडक्टर यंत्रातून तिकीट काढून हातात देतो. आपल्याच विदर्भात मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतला रेल्वेत गार्डच तिकिटे देत असे, त्याने कोणाचे काही बिघडले नव्हते. मग खिडकी नसलेल्या हॉल्टवर थांबणाऱ्या मेमूत तिकीट यंत्र घेतलेला एक कर्मचारी का असू नये? हॉल्ट गेल्यावर त्याने फक्त नव्याने चढलेल्यांकडे जायचे आणि साधे भाडे घ्यायचे. कोणीही उठून ‘मी हॉल्टवरून चढलो’ असे खोटे सांगेल, ही रेल्वेवाल्यांची भीती अगदीच निराधार नाही. पण चढतानाच माणूस दिसला, तर खोटे बोलायला जागा उरत नाही.

एजंट मिळत नसेल तर गावातल्या महिला बचत गटाला ते काम द्या, आणि कमिशन असे ठेवा की एका बाईची हजेरी तरी निघेल. हे होईपर्यंत निदान प्रत्येक बंद खिडकीवर मराठीत ठळक पाटी लावा: येथे तिकीट मिळत नाही, गार्डला किंवा गाडीतील तपासनीसाला स्वतःहून सांगा, दंड लागणार नाही. गार्डनेही अशा ठिकाणी खाली उतरून, चढणारे लोक पाहून मगच गाडी सोडावी. पाटीला फारसा खर्च नाही, आणि तपासनीसांनाही तिचा आधार मिळेल. आज ते बिचारे नियमाच्या अर्ध्याच भागावर काम करतात.

मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोन्हींची नागपूर विभागाची कार्यालये याच शहरात आहेत. आपल्या प्रतिनिधीने दोन्हीकडून दोनच गोष्टी विचारून छापाव्यात: गाडी थांबते पण तिकीट मिळत नाही अशी कोणती स्टेशने त्यांच्या हद्दीत आहेत, आणि कलम ५५ ची प्रमाणपत्रे गेल्या वर्षभरात तिथे किती दिली गेली. विभागीय रेल्वे प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्यांनीही पुढच्या बैठकीत हीच यादी मागावी.

आपला,
एक नियमित प्रवासी
मानेवाडा, नागपूर