झोपु योजनेतले भाडे आठव्या महिन्यातच का संपते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत झोपडी रिकामी केल्यापासून नवे घर मिळेपर्यंत झोपडीधारकाच्या भाड्याच्या घराचे भाडे बिल्डरने द्यायचे असते. या थकीत भाड्याच्या बातम्या छापून येतात, तेव्हा बिल्डरने किती कोटी थकवले एवढ्यावरच बहुतेक चर्चा थांबते. आम्ही झोपडीधारकांना भाड्याच्या तक्रारींचे अर्ज लिहून देतो. त्या कामात दिसते ते असे की, अडचण थकबाकीच्या बरीच आधी सुरू होते. भाडे ठरल्या दिवशी हातात पडले तरी ते वर्षभर पुरत नाही.

एक साधा हिशेब मांडतो. समजा, महिना १५ हजार रुपये भाडे ठरले आणि झोपडी रिकामी करताना बिल्डरने वर्षाचा एकच चेक दिला, १ लाख ८० हजारांचा. रक्कम मोठी दिसते. पण घरमालक ५० हजार डिपॉझिट मागतो, दलाल एक महिन्याचे भाडे म्हणजे १५ हजार घेतो. उरले १ लाख १५ हजार. त्यात सात महिन्यांचे भाडे भागते आणि दहा हजार शिल्लक राहतात. तेही टेम्पो, हमाली आणि करारनाम्याच्या नोंदणीत संपतात. आठव्या महिन्याचे भाडे घरच्या मजुरीतून जाते. डिपॉझिट परत मिळते हे खरे, पण घर सोडल्यावर, आणि तेव्हा ते पुढच्या घरमालकाला द्यायचे असते. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. बाराव्या महिन्यात घर बदलावे लागले तर दलाली, टेम्पो, नोंदणी सगळे पुन्हा. घरमालकाने दहा टक्के वाढ मागितली तर भाडे साडेसोळा हजार होते, बिल्डरचा चेक मात्र पुष्कळदा पंधरा हजारांच्याच हिशेबाने येतो.

म्हणून बिल्डरबरोबरच्या वैयक्तिक करारनाम्यावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: डिपॉझिटची रक्कम भाड्याहून वेगळी, दलाली व सामान हलवण्याचा खर्च दर अकरा महिन्यांनी, भाड्यात दरवर्षी वाढ, आणि भाडे घराची किल्ली हातात पडेपर्यंत. शेवटची अट सगळ्यांत जास्त वेळा सुटते. इमारत तयार झाली, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आली, की बिल्डर त्या तारखेपासून भाडे बंद करतो. सोडत, ताबापत्र, पाण्याची जोडणी यांत पुढचे तीन-चार महिने जातात. शिवाय भाड्याचे घर सोडताना घरमालकाला महिनाभर आधी कळवावे लागते. त्यामुळे किल्लीनंतरचा आणखी एक महिना मागणे रास्तच आहे.

झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने २०२३ मध्ये परिपत्रक काढून दोन वर्षांचे भाडे आगाऊ प्राधिकरणाकडे भरणे आणि तिसऱ्या वर्षाचे पुढील तारखेचे चेक देणे बिल्डरांना बंधनकारक केले. पाऊल चांगले आहे. पण ज्यांच्या झोपड्या त्याआधीच पडल्या, त्यांच्यासाठी अशी ठेव कधी भरलीच गेली नव्हती. शिवाय पुनर्वसनाची इमारत तीन वर्षांत उभी राहील, या गृहीतकावर ही रचना उभी आहे. बोरिवलीतल्या एका योजनेच्या प्रकरणात ३० जुलै २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने झोपडपट्टी कायद्याच्या कामगिरीचाच लेखाजोखा घेण्याची गरज सांगितली. ती योजना २००३ पासून रखडलेली होती. चौथ्या वर्षाचे भाडे कुठून येणार, याचे उत्तर ठेव संपण्यापूर्वी तयार असले पाहिजे.

पुढील तारखेच्या चेकबद्दल विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने असते. बिल्डरचा माणूस निरोप देतो, “या महिन्यात टाकू नका, खात्यात पैसे आले की सांगतो.” सोसायटीच्या समितीचा सचिव चेक कपाटात ठेवतो. पुढच्या महिन्यात तोच निरोप. तीन महिने उलटले की ५ जूनचा चेक सप्टेंबरात कागदाचा तुकडा होतो, आणि तो वटलाच नाही म्हणायलाही जागा उरत नाही, कारण तो बँकेत कधी गेलाच नव्हता. चेक तारखेलाच भरावा. न वटता परत आला, तर बँकेचा रिटर्न मेमो जपून ठेवावा. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात चेक न वटण्याबाबतच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली न्यायालयात तक्रार करता येते. यातली पहिली मुदत हुकली आणि चेकची मुदतही संपली, तर तो चेक पुन्हा भरून नव्याने सुरुवात करण्याची वाटही बंद होते. “समिती बघून घेईल” म्हणत लोक थांबतात. समितीने जरूर बघावे, पण नोटीस ज्याच्या नावाचा चेक आहे त्याची असावी लागते.

नाव कोणाचे, हा प्रश्नही किरकोळ नाही. पुनर्वसनाचे घर नवरा-बायको दोघांच्या नावे होते, भाड्याचा चेक मात्र परिशिष्ट-२ (योजनेतल्या झोपडीधारकांची पात्रता यादी) मधल्या एकाच नावाने निघतो, आणि ते नाव बहुधा पुरुषाचे असते. तो वारला की वारसनोंद होईपर्यंत भाडे अडकते. घरमालक तोवर थांबत नाही. भाडे पहिल्या दिवसापासून दोघांच्या संयुक्त खात्यात गेले, तर हा खोळंबा टळेल. वारसाने मृत्यू दाखला आणि शिधापत्रिका घेऊन वारसनोंदीचा अर्ज लगेच द्यावा. परिशिष्टात ज्यांची पात्रता अजून ठरलेली नाही, त्यांची स्थिती याहून वाईट. झोपडी सगळ्यांची एकाच दिवशी पडते, भाडे मात्र पात्र ठरलेल्यांनाच.

काही बिल्डर भाड्यातून टीडीएस कापतात. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की, पुनर्विकासात घर सोडलेल्यांना मिळणारे हे भाडे प्राप्तिकर कायद्यातल्या अर्थाने भाडे नाही आणि त्यावर टीडीएस लागत नाही. कपात झाली असेल तर निकालाचा हवाला देऊन लेखी विचारावे.

तक्रार वांद्र्याला प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यायची असते. “भाडे मिळत नाही” एवढ्याच ओळीचा अर्ज फायलीत पडून राहतो. अर्जात योजनेचे व सोसायटीचे नाव, परिशिष्ट-२ मधला अनुक्रमांक, झोपडी रिकामी केल्याची तारीख, शेवटचे भाडे कोणत्या महिन्याचे मिळाले आणि त्यानंतर महिनावार किती बाकी, हा तक्ता हवा. सोबत करारनामा, बँक पासबुकाची ती पाने आणि रिटर्न मेमोच्या प्रती. आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सोसायटीतर्फे एकत्र अर्ज द्यायचा असल्यास प्रत्येकाची सही आणि प्रत्येकाची स्वतंत्र रक्कम हवी. नाहीतर सुनावणीत बिल्डर दहा जणांना भाडे दिल्याच्या पावत्या दाखवतो आणि उरलेल्या नव्वद जणांचा प्रश्न पुढच्या तारखेवर जातो.

थकीत भाडे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता यावे, यासाठी कायद्यात दुरुस्ती करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. त्याचे स्वागत आहे. परंतु महारेराच्या (गृहप्रकल्पांवरच्या नियामक प्राधिकरणाच्या) वसुली वॉरंटांचा अनुभव समोर आहे. वॉरंट निघते, जिल्हाधिकारी कार्यालयात जाते आणि जप्त करण्याजोगे काही सापडेपर्यंत वर्षे जातात. भाड्यासाठी दूर नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला राहायला गेलेल्या घरकामवाल्या बाईची जुन्या वस्तीजवळची कामे एव्हाना सुटलेली असतात, मुलाची शाळा बदललेली असते. वसुलीची रक्कम तिला मिळेल तेव्हा मिळेल. या महिन्याचे भाडे तिला पाच तारखेच्या आत हवे असते.

प्राधिकरणाकडे आमच्या मागण्या तीन. भाडे दरमहा थेट संयुक्त खात्यात जमा व्हावे आणि डिपॉझिट-दलालीची रक्कम वेगळी, घर सोडण्यापूर्वी मिळावी. ठेवीत सहा महिन्यांचे भाडे उरले की बिल्डरने पुढच्या वर्षाचा भरणा करावा, तो होईपर्यंत बिल्डर बाजारात विकतो त्या इमारतीला पुढची सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) देऊ नये. आणि प्रत्येक योजनेचा भाड्याचा तक्ता, परिशिष्टातल्या अनुक्रमांकानुसार व महिनावार, संकेतस्थळावर आणि सोसायटीच्या फलकावर लागावा. नावे नकोत, अनुक्रमांक पुरेसा आहे. कोणत्या महिन्यापासून रकाने रिकामे आहेत, हे अधिकाऱ्यालाही दिसेल आणि त्याच बिल्डरच्या पुढच्या योजनेत संमतीपत्रावर सही करू पाहणाऱ्या झोपडीधारकालाही.

आपले,
झोपु योजनांतील भाडे-तक्रारींवर काम करणारे कार्यकर्ते,
कुर्ला, मुंबई